डाळीचा लॅपटॉप

दुकानात भांडायचं नाही, असं उंद्रीहून बस सुटताना नवरा-बायकोचं ठरलं होतं. खामगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते टिकलं. दुकानाची पायरी चढेपर्यंतही टिकलं. मग दुकानदार चंद्रशेखर यांनी काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले आणि नम्रपणे विचारलं, "बोला ताई, कोणता बांधू?"

"हा," मंजुश्रीने पातळ लॅपटॉपवर बोट ठेवलं.

"हा," अश्वजितने जाडजूड लॅपटॉपवर अख्खा पंजा ठेवला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ठरलेलं मोडलं.

अश्वजित लग्नांचे व्हिडिओ काढायचा. शूटिंग दोन दिवसांत व्हायचं, पण घरी येऊन ते कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी चढवायची, हे काम घरातला म्हातारा लॅपटॉप इतक्या रडतखडत करायचा की व्हिडिओ हातात पडेपर्यंत एखाद्या नवरीचं डोहाळजेवण निघायचं. मंजुश्री एका संस्थेत बचत गटांचं काम पाहायची. गावोगाव जाऊन बायकांना मसाल्या-पापडाचं पॅकिंग आणि विक्री शिकवायची. तिला दिवसभर लॅपटॉप सोबत लागायचा, आणि घरातल्या म्हाताऱ्याची बॅटरी मेलेली असल्यामुळे तो खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखा भिंतीजवळून हलत नव्हता. नवा एकच घ्यायचा होता. दिवसा तो तिने न्यायचा, संध्याकाळी त्याने वापरायचा. इथवर दोघांचं एकमत होतं.

"एवढ्या पातळ मशीनवर व्हिडिओ चालते काय?" अश्वजित म्हणाला. "एक गानं टाकलं की बेसुद पडन ते."

"अन् हा धोंडा खांद्याले अडकवून मी गावं हिंडू?"

"सव्वा किलोचा तं फरक हाय! सव्वा किलो म्हंजे काय असते? लोनच्याची एक बरनी!"

"मंग तुमीच उचला ना बरनी!"

"मी उचलून राह्यलोच ना दोन-दोन कॅमेरे! तुले काय, बसमधी बसा लागते अन् बायाइसंग गप्पा माराले जा लागते."

मंजुश्रीचा आवाज एकदम खाली आला. तिचा राग वर चढला की आवाज खाली यायचा, हे अश्वजितला ठाऊक होतं, पण बाण सुटला होता.

"अन् तुमाले काय?" ती म्हणाली. "घरी पंख्याखाली बसून बटनं दाबा लागते. दोन बटनं दाबली की एक चहा."

"दोन बटनं?" अश्वजितची कानशिलं तापली. "दोन बटनं म्हनते हे!"

सोबत आलेले अश्वजितचे वडील, पुंजाजी, आतापर्यंत गप्प होते. त्याचं कारण शांतता नव्हे. त्यांना वेगळाच राग आला होता. आयुष्यभर त्यांनी खामगावच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलला होता, आणि दोन्ही लॅपटॉपच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्यापासून त्यांचं डोकं भणभणत होतं.

"भाऊ," त्यांनी चंद्रशेखरना विचारलं, "हा हलका हाय, अन् हा जड हाय. मंग दोघायचा भाव सारखा काऊन?"

"काका, हलक्यामधी पार्ट बारीक राह्यतात. बारीक कामाचे पैसे असतात."

"म्हंजे माल कमी अन् भाव तोच! आमच्या काट्यावर कोनी असं केलं असतं ना, त्याले लोकायनं गंजीवरून खाली फेकलं असतं!"

आता दुकानात तीन आवाज झाले. मिक्सर घ्यायला आलेलं एक जोडपं मिक्सर विसरून ऐकत उभं राहिलं. शेजारच्या किराणावाल्याने मान आत घातली आणि "बाजारात तुरी..." एवढंच म्हणून काढून घेतली. ते पुंजाजींनी ऐकलं. ज्या बाजारात आयुष्य गेलं, तिथे आपल्या घराचा तमाशा झाला, याची त्यांना इतकी चीड आली की त्यांनी काउंटरवर हात आपटला.

"चूप! दोघंबी चूप! उद्या हा हिच्या कामाले जाईन अन् हे याच्या कामाले बसन. हा जड वाल्याएवढं वजन घेऊन जाईन. हे त्या खटाऱ्यावर लग्न काढन. मंग या दोघंबी, अन् मंग तोंड उघडा!"

"चालते," मंजुश्री म्हणाली.

"पळते," अश्वजित म्हणाला.

चंद्रशेखर यांनी दोन्ही लॅपटॉप पुन्हा खोक्यात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजींनी स्वतः तराजू बाहेर काढला. जनकाबाईंनी, म्हणजे अश्वजितच्या आईने, कोठीतली तुरीची डाळ एका कापडी पिशवीत ओतली. अडीच किलो झाल्यावर अश्वजितने हात पुढे केला.

"थांब," पुंजाजी म्हणाले. "चार्जर? वीट हाय ते वीट. टाक वं अजून अर्धा."

तीन किलो डाळ लॅपटॉपच्या बॅगेत गेली. अश्वजितने बॅग एका बोटावर उचलून दाखवली आणि बायकोकडे पाहून हसला. "हे? याच्यासाठी एवढं रामायन?"

"संध्याकाळी पुन्हा तोलीन," पुंजाजी म्हणाले. "एक दाना कमी भरला तं तू हारला."

मंजुश्रीने त्या दिवशी जळगाव जामोदजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक ठेवली होती. तिथल्या गटप्रमुख रेणुकाबाईंना तिने फोन करून सांगितलं की आज माझ्याऐवजी आमचे मिस्टर येतील आणि पॅकिंगचा व्हिडिओ फोनवर दाखवतील. मग ती म्हाताऱ्या लॅपटॉपसमोर जाऊन बसली. तिच्यासमोर काम एकच होतं. गावातल्या इंद्रभानच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ अश्वजितने जोडून ठेवला होता; त्याची शेवटची फाईल बनवून पेन ड्राइव्हवर द्यायची. एक बटन दाबायचं. तिने ते दाबलं आणि चहा ठेवायला सांगितला.

खामगावपर्यंत अश्वजित मजेत होता. खामगावला जळगावची बस आली तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तो दांड्याला धरून उभा राहिला. नांदुरा येईपर्यंत बॅगेचा पट्टा खांद्यात रुतायला लागला. त्याने खांदा बदलला. थोड्या वेळाने दुसराही खांदा तक्रार करायला लागला. त्याने बॅग पोटाशी धरली, तर पुढच्या माणसाने वळून विचारलं, "काऊन ढोसून राह्यला बे?" शेवटी त्याने ती वरच्या फळीवर सारली.

गतिरोधकावर बस उडाली, आणि बॅग थेट खाली बसलेल्या एका पागोटेवाल्या गृहस्थाच्या डोक्यात आली.

"अरे मेलो ना! काय हाय बे त्याच्यात?"

"लॅपटॉप," अश्वजितच्या तोंडून निघून गेलं.

लगेच सगळ्या बसचा राग ओसरून तिथे काळजी आली. "लॅपटॉप पडला!" "अरे पाह्य ना, फुटला असन!" "खोलून पाह्य लवकर!" अश्वजित "राहू द्या, राहू द्या" म्हणत होता, पण एका कळवळ्याच्या माणसाने बॅगेची चेन ओढलीच. आतली कापडी पिशवी आपटून फाटली होती. पिवळीजर्द डाळ पागोट्यावरून, मांडीवरून, चपलांमधून भरभर खाली गेली.

पागोटेवाले गृहस्थ उठून उभे राहिले.

"लॅपटॉप म्हनते हा! दाळ हाय ना बे हे! दाळीनं डोकं फोडलं माह्यं!"

एक दाणा कमी भरला तर हार. अश्वजित गुडघ्यांवर बसला आणि लोकांच्या पायांमधून डाळ गोळा करायला लागला. "पाय उचला ना जरा... मावशी, तुमच्या चपलीखाली हाय..." कंडक्टर डोक्यावर येऊन ओरडायला लागला. "काय तमाशा लावला? बसमधी दाळ निसते काय कोनी?" आणि नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन वाजला.

तिकडे चहा पिऊन झाला होता. दुसराही झाला होता. पडद्यावरची हिरवी पट्टी इतक्या हळू सरकत होती की ती सरकते आहे यावर विश्वास ठेवावा लागत होता. नव्व्याण्णववर आल्यावर मंजुश्रीने हात जोडले. पट्टी थांबली. पडदा काळा झाला. लॅपटॉपने एक लांब उसासा टाकला आणि आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "हे रोजच असं करते?"

"रोज," जनकाबाई म्हणाल्या. "म्हनून तं तो जेवाले बोलावलं की अंगावर येते."

तिने पुन्हा बटन दाबलं. पट्टी पुन्हा नव्व्याण्णववर जाऊन मेली. तिसऱ्या वेळी ती पंच्याहत्तरवर असताना दारात इंद्रभान उभा राहिला. घरी त्याचे व्याही नारायणराव आले होते, टीव्ही लावून सगळी मंडळी बसली होती, आणि त्याला व्हिडिओ आत्ताच्या आत्ता पाहिजे होता.

"चार महिने झाले, बाई! पोरगी माहेरपनाले येऊन परत जाईन, तरी तुमचा व्हिडिओ येत नाही! जे असन ते द्या!"

म्हणून तिने फोन लावला. "अहो, हे पुरं होऊन नाही राह्यलं! इंद्रभानभाऊ दारात उभे हायेत. जुनी बनवलेली कोनती फाईल हाय काय? इथं दोन दिसून राह्यल्या!"

"पह्यली दे!" अश्वजित बाकाखालून ओरडला. "दुसरी नको देऊ! पाय उचला हो काका! दुसरी अजिबात..."

"काय? ऐकू नाही येत!"

"दुसरी! दुसरी म्हनतो मी..." एवढ्यात फोन कटला.

मंजुश्रीने दुसरी दिली. इंद्रभान पेन ड्राइव्ह घेऊन तरातरा गेला.

दुसरी फाईल म्हणजे न कापलेलं शूटिंग होतं. कॅमेरा चालू राहिला आणि लोक विसरले, असं सगळं.

अश्वजितने डाळ गोळा केली, तिच्यात बसमधली माती, एक बटन आणि दोन तिकिटंही आली. तो जळगावला उतरला. गावाकडे जाणारी रिक्षा त्याच्यासमोरून भरून गेली, म्हणून तो पायीच निघाला. ऊन डोक्यावर होतं, सातपुडा समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. पहिल्या मैलाला त्याने बायकोला शिव्या दिल्या. दुसऱ्या मैलाला बापाला दिल्या. त्यानंतर त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो त्याला अजिबात आवडला नाही: ही बाई हे रोज करते, आणि घरी येऊन लगेच पोळ्या लाटते. त्याला स्वतःचाच राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे त्याने रस्त्यातल्या दगडाला लाथ मारली. दगड पक्का होता.

बैठकीला सगळ्या बायका जमून बसल्या होत्या. रेणुकाबाईंनी त्याला पाणी दिलं, बॅग हातातून घेतली आणि वजनावरूनच त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बया, ताईनं वानोळा धाडला!"

"नाही, ते..." अश्वजित म्हणाला.

"दाळ हाय वं! घरची दिसते! जरा माती हाय, पन घरचीच हाय!"

शेतात पिकलेलं माणसांना प्रेमाने वाटायचं, त्याला वानोळा म्हणतात, आणि वानोळा परत मागायला जो जन्माला यायचा तो अजून यायचा होता. अश्वजितच्या डोळ्यांदेखत एकेक बाई पदर पुढे करत होती आणि रेणुकाबाई ओंजळीने डाळ घालत होत्या. बॅग रिकामी झाली. त्याने दात आवळून व्हिडिओ दाखवला, दात आवळून प्रश्नांची उत्तरं दिली, आणि मनात हिशेब केला की जळगावच्या बाजारातून तीन किलो डाळ घेतली तर बापाला कळणार नाही.

पण तो उठला तेव्हा बायकाही उठल्या. ज्या घरून वानोळा येतो त्या घरी रिकामी बॅग परत पाठवायची असते काय? एकीने वांगी आणली. दुसरीने मिरच्या आणल्या. तिसरीने केळीचा फणा, कुणी लसूण, कुणी काशीफळ, आणि रेणुकाबाईंनी स्वतः मसाल्याची भलीमोठी थैली. बॅगेची चेन लागेना म्हणून वर सुतळी बांधली. बॅगेत मावलं नाही ते दुसऱ्या पिशवीत भरून त्याच्या दुसऱ्या हातात दिलं.

"ताईले म्हनाव, लय याद करतो," रेणुकाबाई म्हणाल्या. "अन् भाऊ, तुमी आता दर बारीले या."

इकडे उंद्रीत इंद्रभानच्या घरच्या टीव्हीवर इंद्रभानच दिसत होता. पंगतीच्या कोपऱ्यात उभा राहून तो आपल्या भावाला सांगत होता, "पाह्य बे, व्याह्याकडचे कसे हानून राह्यले! चार दिवसाचे उपाशी आनले काय?" खोलीत व्याही नारायणराव लाडू खात बसले होते. त्यांनी लाडू ताटलीत ठेवला. इंद्रभानने रिमोटसाठी झडप घातली, पण घाईत भलतंच बटन दाबलं गेलं आणि आवाज वाढला. तेवढ्यात पडद्यावर नारायणराव आले आणि आपल्या बायकोला म्हणाले, "मठ्ठ्यात मठ्ठा कमी अन् पानी जास्त. मानूस पाह्यला तवाच समजलं होतं मले!"

पुढे त्या घरात काय झालं ते सांगायला नको. ते रस्त्यापर्यंत ऐकू आलं. थोड्याच वेळात लालबुंद इंद्रभान पुन्हा मंजुश्रीच्या दारात होता.

"आमचं घर मोडालेच निंगाले काय तुमी? असा व्हिडिओ असते? कुठी हाय तो तुमचा फोटोवाला?"

दुसरा कुठला दिवस असता तर मंजुश्रीने माफी मागितली असती. पण त्या क्षणी, तिसऱ्यांदा, पट्टी नव्व्याण्णववर जाऊन मेली होती.

"या इकडं," ती उठली. "या! बसा इथं! तुमी काढून दाखवा व्हिडिओ! दाबा बटन! सकाळपासून दाबून राह्यली मी! माह्या नवऱ्यानं चार महिने या खटाऱ्यावर तुमची पोरगी देखनी केली, तुमचे शब्द कापले, व्याह्याचे शब्द कापले, तुमची अब्रू झाकली, अन् तुमी त्याले फोटोवाला म्हनता? काय बोलले होते तुमी पंगतीत, ते त्यानं बोलाले लावलं होतं काय?"

इंद्रभान मागे सरकला. "रागावू नका ना बाई," तो म्हणाला. "चांगला वाला कवा भेटन?"

"नवं मशीन येईन तवा भेटन! जा!"

दिवेलागणीला अश्वजित घरी आला. पुंजाजी तराजू मांडून बसलेच होते. त्यांनी बॅग आणि पिशवी पारड्यात टाकली आणि काट्याकडे पाहून चष्मा पुसला.

"बारा किलो. अबे, तीन नेली होती ना? दाळ कुठी हाय?"

"जेवली!" अश्वजित ओरडला. "सगळं गाव जेवलं! मले काही इचारू नका!"

त्याने अंगणातल्या बाजेवर अंग टाकलं. दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे लाल वळ होते. मंजुश्री दारात आली. तिचे डोळे पडद्याकडे पाहून पाहून टोमॅटोसारखे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जनकाबाईंना वाटलं, आता दोघं एकमेकांची समजूत काढतील. त्या कौतुकाने चहा ठेवायला आत गेल्या.

"हलका घ्यायचा," अश्वजित म्हणाला. "झालं. मले पुढे बोलू नको."

"काऊन हलका? जड वालाच घ्यायचा!"

"डोकं फिरलं काय तुह्यं? सव्वा किलो म्हंजे काय असते, मालूम हाय तुले?"

"मले इचारता? मी उचलते! अन् तुमाले मालूम हाय काय ते पट्टी नव्व्यान्नववर कशी मरते?"

"मले इचारते? मीच तं पाह्यतो रोज!"

चहा बाहेर आला तेव्हा भांडण कालच्याच आवाजात चालू होतं. फक्त दोघांनी बाजू बदलल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तिघं पुन्हा खामगावला गेले. चंद्रशेखर यांनी निमूटपणे दोन्ही लॅपटॉप काउंटरवर ठेवले. मागच्या वेळचं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून त्यांनी शहाणपणाने पातळ लॅपटॉप ताईंपुढे सरकवला आणि जाडजूड भाऊंपुढे.

"हे काय?" मंजुश्री कडाडली. "मी हलका मांगतला काय?"

"अन् मी हा धोंडा मांगतला काय?" अश्वजित कडाडला.

इतक्या वर्षांच्या धंद्यात चंद्रशेखर यांचा आवाज कधी चढला नव्हता. तो आज चढला. "अरे, मागच्या बारीले तुमीच तं... ताई, तुमाले हलका पाह्यजे होता! भाऊ, तुमाले जड! माह्या दुकानात, याच जागी! मी काय येडा हाय काय?"

"भाऊ," पुंजाजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला, "याह्यच्यामधी पडू नको. घरी आम्ही दोघं म्हातारे आठ दिवसापासून कानात बोळे घालून राह्यलो."

"तू हे उचलून नेशीन कशी?" अश्वजित बायकोला विचारत होता.

"माह्या खांद्याले सवय हाय."

"सवय हाय म्हनूनच म्हनून राह्यलो ना मी!"

हे तो रागानेच बोलला. मंजुश्रीने डोळे बारीक केले, आवाज अगदी खाली आणला, आणि चंद्रशेखर यांना म्हणाली, "भाऊ, जड वाला बांधा."

त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. चंद्रशेखर यांनी जड वाला बांधला. अश्वजितने पाठ फिरवली. बसमध्ये तो थेट उंद्रीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. मंजुश्री मांडीवर खोकं घेऊन, जिंकलेल्या माणसासारखी ताठ बसली होती.

दारात जनकाबाई वाट पाहत होत्या. "कोनाचं चाललं?"

"हिचं!" अश्वजितने चपला भिरकावल्या. "माह्यं कवा चालते या घरात?"

जनकाबाईंनी खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे.

"पन बापा," त्या हळूच म्हणाल्या, "तुले तं पह्यलेपासून हेच पाह्यजे होतं ना?"

"तेच तं!" अश्वजित ओरडला, आणि पाय आपटत आत निघून गेला.